मागल्या दारापासून विहिरीपर्यंत

अण्णांनी त्या उन्हाळ्यात घराला हात लावला तेव्हा पहिला संशय आला तो आईला. संशय यावा असंच ते होतं. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. दरवर्षी परीक्षा संपून शाळेला कुलूप लागलं की ते पडवीतल्या आरामखुर्चीत जे बसायचे ते शाळा उघडेपर्यंत. कौलं परतायची असली की माणसं आई बोलावणार, खळ्याच्या कडेचा दगडी गडगा ढासळला की आई उन्हात उभी राहून रचून घेणार. अण्णांनी भिंतीत खिळा ठोकला तर एकतर खिळा वाकायचा नाहीतर त्यांचं बोट सुजायचं. असा माणूस एका सकाळी पेज पिऊन उठला, धोतर वर खोचलं आणि सोमा गवंड्याला घेऊन मागल्या दारी जाऊन उभा राहिला, तेव्हा चुलीपुढे बसलेली आई हातातली फुंकणी तशीच धरून बघत राहिली.

आमचं घर मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून जरा आत, माडांच्या बागेत होतं. समुद्र दिसत नसे, पण गाज ऐकू येई. वारा पडला की ती इतकी जवळ वाटे, की जणू गडग्यापलीकडेच पाणी आहे. पुढे सारवलेलं खळं, पडवी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि मागलं दार. मागल्या दारातून विहिरीकडे जाणारी वाट आमच्या पायांनीच पडलेली होती. दोन माडांना वळसा घालून, एका बिंबलीच्या झाडाखालून वाकून, मुळांवरून पाय उचलत विहिरीशी जायचं. विहिरीला कठडा नव्हता. तोंड जमिनीला सपाट, काठावर झिजलेले चिरे आणि एका बाजूला रहाट. त्या रहाटाचा कुरकुराट हा आमच्या घरातला पहाटेचा पहिला आवाज. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळे, आई पाणी काढते आहे.

अण्णांनी पहिलं काय केलं असेल, तर माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधला उंबरठा काढायला लावला. चांगला जाड, फणसाच्या लाकडाचा उंबरठा. सोमा पहारीनं तो उचकटत होता आणि भागीआते, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, कपाळाला हात लावून माजघरात उभी होती. आते लवकर विधवा झाली आणि तेव्हापासून आमच्याकडेच होती. उजवीकडच्या खोलीत राहायची, पण तिचं लक्ष सगळ्या घरावर असायचं. चुलीवर विशेष. आईच्या हाताला चव होती आणि ती गोष्ट आतेला कधी फारशी सोसली नाही.

"अरे, उंबरो कोण काढता?" आते ओरडली. "घर मोडूचा आसा काय तुका?"

"ठेच लागता, आक्का," अण्णा म्हणाले.

"इतकी वर्सां नाय लागली ती?"

अण्णा सोमाला पहार कुठं लावायची ते दाखवू लागले. ते एरवीही कमी बोलत, पण त्या उन्हाळ्यात त्यांचं न बोलणं निराळं होतं. विचारलं की ते दुसरीकडे बघत.

मग वाटेचं काम निघालं. सुतळी लावून मागल्या दारापासून विहिरीपर्यंत सरळ रेघ आखली. मुळं खणून काढली, खड्डे भरले, वरून बारीक मुरूम टाकून चोपणीनं चोपला. दिवसभर परसात धप्प धप्प आवाज आणि त्यात चिरे तासण्याचा खरखराट. तांबडी धूळ सगळीकडे. आईनं कोकमाची सोलं वाळत घातली होती त्यांच्यावर, फणसपोळीच्या साटांवर, दोरीवरच्या कपड्यांवर. आई रोज साटांवर पातळ लुगडं झाकायची, रोज ते काढून झटकायची आणि अण्णांकडे बघायची. तोवर ती नुसतीच बघत होती. बिंबली तोडली त्या दिवशी मात्र बिनसलं.

बिंबलीचं झाड आईनं माहेराहून रोप आणून लावलेलं. खोडालाच लगडलेली ती आंबट हिरवी फळं ती सुंगटांत, म्हणजे कोळंबीच्या कालवणात, घालायची, मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवायची, आल्यागेल्याला द्रोणभर द्यायची. ती बाजाराला गेली होती तेवढ्यात अण्णांनी सोमाला कोयता दिला. आई परत आली तेव्हा झाड आडवं होतं आणि फळं धुळीत पसरली होती. तिनं टोपली खाली ठेवली. बसून एकेक फळ पदरात वेचायला लागली. बरीचशी तिच्या पायाशीच राहिली, ती मी वेचली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी असेल म्हणून दिसत नसतील.

त्या संध्याकाळपासून आईनं अण्णांशी थेट बोलणं सोडलं. सगळं माझ्यामार्फत. "शालू, तुज्या बापाशीक सांग, पान वाढला आसा." अण्णा समोरच बसलेले असायचे. मी सांगायची, ते मान हलवायचे, मुकाट्यानं जेवायचे. आंब्याचं सासव झालं होतं त्या दिवशी, त्यांच्या अगदी आवडीचं. तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं नाही, मागायचं तर माझ्याकडून मागावं लागलं असतं म्हणून.

आतेला तर रानच मोकळं मिळालं. दुपारी अण्णा बाहेर गेले की ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसायची, जिथं आधी उंबरठा होता तिथंच.

"गो, तुका कायच कळणा नाय?" ती आईला म्हणायची. "असो कधी हातात पारय धरल्यान होती काय त्येणा? घर विकता तो. गिराइकाक दाखवूक सजवता. मुंबयवाल्यांका अशी सरळ सरळ वाट लागता. कठडो लागता."

"कठडो?" आईनं विचारलं.

"बावीक कठडो घालतलो, फाल्या आणखी चिरे येतत. सोमान सांगल्यान माका."

आई चुलीतलं लाकूड उगाच पुढेमागे करत राहिली. "आणि आमी खंय जातलंव?" ती हळूच म्हणाली.

"ता मगे तेकाच इचार."

कठडा खरंच झाला, आईच्या कमरेइतका. शिवाय वाटेच्या उजव्या अंगाला दारापासून विहिरीपर्यंत एक बुटका गडगा, हात टेकेल एवढ्या उंचीचा. असा गडगा कोणाच्या परसात कोणी पाहिला नव्हता. गडगा हद्दीला घालतात, घराच्या मधोमध कोण घालतं? गावात निरनिराळ्या गजाली सुरू झाल्या. मास्तरांना खणताना हंडा मिळाला, इथपर्यंत गेल्या. शेजारच्या वाडीतली माणसं काहीतरी मागायच्या निमित्तानं परसात यायची आणि मुरमाकडे वाकून बघायची. मग अण्णांनी चुना भिजवला आणि मागल्या दाराच्या पायऱ्यांच्या कडा, गडग्याचा माथा, विहिरीचा कठडा असे सगळे पट्टे स्वतःच्या हातानं पांढरे रंगवले. शेवटी विहिरीपाशी मोगऱ्याची रोपं आणि दाराशी गवती चहा लावला. मोगरा लावणारे अण्णा बघून आते माझ्या कानाशी म्हणाली, "नक्कीच विकता."

हल्ली लोक घराभोवती हिरवळ लावतात, वाटेच्या कडेला छोटे दिवे लावतात, पाहुण्यांना हिंडवून दाखवतात. माझ्या मुलानंही लावलेत. मला त्यात काही वावगं दिसत नाही. पण त्या काळी आमच्याकडे घराचं काम म्हणजे गळणारं, पडणारं, किडलेलं नीट करणं. जे मोडलं नाही त्याला हात लावणारा माणूस मनात काहीतरी धरून आहे, असंच सगळे समजत. मीही समजले. मी अण्णांच्या मागावर राहू लागले. ते आईकडे बघतात, आणि आई बघते आहे असं वाटलं की नजर काढून घेतात, हे मला दिसलं. एकदा ती दिवेलागणीला मागल्या दारातून आत येत होती, तेव्हा ते माजघरात श्वास धरून उभे होते. ती आत आली, चुलीशी बसली, मग ते पडवीत गेले. मला भीती वाटली. आपल्या बायकोकडे कोणी असं चोरून बघतं का?

आईचंही काही कमी नव्हतं. तीही बदललीच होती. दिवस मावळायच्या आत ती सगळं उरकून घ्यायची. संध्याकाळचं पाणी आणायला मलाच पाठवायची, स्वतः जायची नाही. कोणी मिठाचं मडकं वीतभर सरकवलं तर घर डोक्यावर घ्यायची. "होता थंय ठेवूक काय होता तुमका?" मला वाटे, घर जाणार या काळजीनं तिचं डोकं ठिकाणावर नाही.

आणि मग तो पाहुणा आला.

कोल्हापूरकडच्या गाडीनं आला. कोट घातलेला, डोक्याला टोपी नाही, हातात चामड्याची पेटी. अण्णांनी ओळख करून दिली, "हे वसंतराव. लहानपणी शाळेत माझ्याबरोबर होते." बाकी काही सांगितलं नाही. वसंतराव पडवीत बसले नाहीत. त्यांना घर बघायचं होतं. माजघर बघितलं, उंबरठ्याची जागा बघितली, अण्णांना म्हणाले, "हे चांगलं केलंस." मागल्या दाराशी गेले, वाट बघितली, गडग्यावरून हात फिरवत विहिरीपर्यंत चालत गेले आणि आले. आते माझ्याकडे बघत होती. तिला बोलायची गरजच नव्हती.

आईनं कोकमाचं सरबत दिलं. बाहेरच्या माणसाशी बोलताना ती आमचं मालवणी बाजूला ठेवून पुस्तकातलं मराठी बोलत असे, जरा अडखळत. "घ्या ना," ती म्हणाली. वसंतरावांनी पेला घ्यायला हात मुद्दाम थोडा बाजूला धरला असावा. आईनं पुढे केलेला पेला त्यांच्या हाताच्या शेजारून गेला. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि ती खाली पडली. "वैनी, तुमच्या पायाशीच आहे बघा," ते म्हणाले. किल्ली आईच्या उजव्या पायाजवळ लखलखत होती. आई वाकली, समोर बघितलं, मग पायाच्या अंगठ्यानं जमीन चाचपायला लागली. मी पुढे होणार तोच अण्णांनी माझा दंड धरला. माझा इतका संताप झाला! माझ्या आईला हा परका माणूस घरात येऊन वाकायला लावतो आणि अण्णा बघत राहतात.

आई ताठ उभी राहिली. चेहरा लाल झाला होता.

"किल्ली तुमची तुम्ही उचला," ती म्हणाली. "आणि ऐका, हे घर विकायचं नाही." मग तिचं पुस्तकातलं मराठी संपलं. "माज्या घोवान तुमका काय सांगल्यान ता माका ठावक नाय. पण ह्या घरात मी नवरी होवन इलंय. हयच रवतलंय. वाट बगलात, बाव बगलात, आता सरबत पियात आणि गाडयेक लागात!"

वसंतरावांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान खाली घातली होती.

"वैनी," वसंतराव म्हणाले, "मी घर बघायला आलेलो नाही. तुम्हाला बघायला आलोय. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे."

आईनं भिंतीचा आधार घेतला. मला आधी काहीच कळलं नाही. डोळ्यांचा डॉक्टर कशाला? आईचे डोळे तर किती सुंदर, टपोरे. ती अण्णांकडे वळली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"तुमका कोणी सांगला?"

"कोणी नाय."

"मगे?"

"जत्रेसून रातीचा येताना," अण्णा म्हणाले. "ओढ्यावरल्या साकवार तू उभी रवलंस. पायात काटो गेलो म्हणालंस. मागसून बत्ती घेवन माणसा इली, तोवर तू हललंस नाय. मी तुजो पाय बगलंय, काटो नव्हतो."

"तेव्हापासना तुमका ठावक आसा?"

"तेव्हापासून बगतंय. बिंबलीच्या फांदयेक तुजा कपाळ आपाटला, तू सांगलंस दार लागला. बावीर पाय पुढे टाकून बगतंस आणि मगे उभी रवतंस." अण्णांनी मागल्या दाराकडे हात केला. "बावीक कठडो नव्हतो गो. माका झोप येय नाशी."

आई खाली बसली. बसताना तिनं हातानं जमीन चाचपली, आणि आता ते मला दिसलं. गेल्या कित्येक महिन्यांतलं सगळंच दिसलं. पदरात न आलेली फळं, मिठाचं मडकं, संध्याकाळचं पाणी.

"माका इचारूक काय झाला होता?" आई म्हणाली.

"तू लपयलंस. म्हणान मी पण लपयलंय."

मग आईनं सांगितलं ते अण्णांना नव्हे, डॉक्टरांनाही नव्हे, ती जणू समोरच्या भिंतीला सांगत होती. तिची एक मावशी होती. तिचेही डोळे असेच गेले, आधी रात्रीचे आणि मग दिवसाचे. "सगळ्या वाडीत तिच्यासारखा कोणी रांधी नाय. पण दिसणा नाय म्हटल्यार तिका कोपऱ्यात बसवल्यानी. हातात माळ दिल्यानी. चुलीकडे जाऊक दिल्यानी नाय, भाजात म्हणान. ती जिती होती, पण घरातली नव्हती. तिका कोणी काय इचारी नाय." तिनं स्वयंपाकघराकडे मान वळवली. "माका तसा बसूचा नाय."

आते इतका वेळ दाराशी उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि तिचं वाईट वाटणं खोटं नव्हतं हे मी आजही सांगेन. पण तिच्या तोंडून निघालं ते असं, "अरे देवा! मगे आता चुलीचा मी बगतंय. तू बस हो बाये."

आईची मान खाली गेली. जे होऊ नये म्हणून तिनं एवढं झाकून ठेवलं होतं ते पहिल्याच घटकेला समोर येऊन उभं राहिलं होतं.

"आक्का," अण्णा म्हणाले. मोठ्या बहिणीशी वर मान करून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "चूल तिचीच. ती रांधतली, ती पाणी काढतली, ती ह्या घरात फिरतली. मी दगड कित्याक घातलंय मगे?"

डॉक्टरांनी दुपारभर आईला तपासलं. मागल्या दारात उजेडाला बसवून, पेटीतून गोल आरसा काढून, एकेक डोळा कितीतरी वेळ पाहिला. बोट कानामागून हळूहळू पुढे आणत विचारत राहिले, "दिसतंय?" ती म्हणत राहिली, "नाय. नाय. नाय." बोट नाकासमोर येत असता शेवटी "हां" म्हणाली. त्यांनी खोटी आशा लावली नाही. यावर औषध नाही म्हणाले. कडेचं आणखी आत येत जाईल, मधलं थोडं पुष्कळ वर्षं टिकेल, आणि मग तेही कदाचित जाईल. आईनं एवढंच विचारलं, "चेडवाक होयत?" माझ्याबद्दल. ते म्हणाले, होईलच असं नाही, दरवर्षी दाखवत जा. त्यांनी जाताना तिला वाकून नमस्कार केला. तिनं त्यांच्याबरोबर फणसाची साटं बांधून दिली, आणि मघाशी बोलले ते मनाला लावून घेऊ नका, असं पुस्तकातल्या मराठीत सांगितलं.

मला नाही झालं. आज मी आई गेली त्या वयाच्या पुढे आहे आणि माझी तक्रार मोतीबिंदूची, जी सगळ्यांचीच असते. पण कितीतरी वर्षं मी तिन्हीसांजेला अंगणात उभी राहून दूरचा एखादा माड ठरवायची आणि तो नाहीसा होतो का ते बघायची. आपल्याच डोळ्यांवरचा तो संशय लग्न झाल्यावर, मुलं झाल्यावर केव्हातरी सुटला.

आईची दृष्टी डॉक्टर म्हणाले तशीच गेली, हळूहळू, कडेकडून. चूल मात्र शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिली. तेलात मोहरी तडतडली की आवाजावरून तिला कळायचं कधी काय टाकायचं. आतेही म्हातारपणी तिच्याच हातचं जेवली आणि मीठ कमी आहे असं शेवटपर्यंत म्हणत राहिली.

पण मला जास्त आठवते ती डॉक्टर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. रहाट वाजला नाही म्हणून मी दचकून उठले. मागल्या दारी गेले तर चांगलं उजाडलेलं, सोमा चिऱ्यावर बसून विडी ओढत होता, अण्णा हातात खोरं घेऊन उभे होते, आणि आई दारात होती. तिनं पदर कमरेला खोचला आणि डोळे गच्च मिटले.

"कोणी बोलू नकात," ती म्हणाली.

तिनं उजवा हात गडग्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरली. पहिली, दुसरी. वाटेवर आली. चुन्याचा बोटाला लागलेला पांढरा रंग तिनं लुगड्याला पुसला आणि चालू लागली, आधी एकेक पाऊल चाचपत, मग जरा भरभर. न्हाणीकडे वळायला जिथं गडगा तुटक ठेवला होता तिथं तिचा हात अधांतरी गेला. ती जागच्या जागी थिजली. अण्णांच्या हातातलं खोरं खाली पडलं आणि ते धावत निघाले.

"थंयच रवा!" आई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. तिनं पायानं इकडेतिकडे चाचपलं, एक पाऊल टाकलं, आणखी एक, आणि हात पुढे करून गडग्याचं पुढचं टोक पकडलं. तिथं उभी राहून तिनं मोठा श्वास घेतला.

"सोमा, हय जमनीत एक दगड बसव. पायाक लागाक होयो. आणि हो गडगो भलतोच उंच केल्यात, माजो हात दुखता. एक चिरो कमी कर."

सोमानं अण्णांकडे बघितलं.

"तेंका काय इचारतंस?" आई म्हणाली. "चलतलंय मी."

सोमानं विडी विझवली आणि पहार उचलली. आई पुढे गेली. कठड्याला हात लागला तेव्हा तिनं दोन्ही तळवे त्याच्यावर पसरून ठेवले. मग डोळे उघडून तिनं सगळीकडे मान फिरवून बघितलं, आधी विहीर, मग वाट, बिंबलीचा उघडा बुंधा, आणि शेवटी अण्णा.

"ह्यो मोगरो खंय लावलात?" ती म्हणाली. "मी भांडी घासूक बसतलंय हय. वारो वायता थयसून. सगळो वास त्या शेजाऱ्यांच्या परसात जातलो. मगे माका बाव कशी गावतली?"

अण्णांनी खोरं उचललं, मोगऱ्याच्या रोपापाशी जाऊन बसले आणि मुळांना धक्का न लावता माती मोकळी करायला लागले.